निवडलेली खडी

३ मार्च

सूनबाई,

आता तू सून नाहीस, कागद होऊन चार वर्षं झाली, मला माहीत आहे. पण दुसरी कुठली हाक मला सुचत नाही आणि या वयात नवीन शिकत बसत नाही. आशीर्वाद, खुशाली काही लिहीत नाही. तुला नको असेल आणि मला लांबण लावायची सवय नाही. कामाचं बोलते.

आमचा ठोंब्या, म्हणजे तुझा माजी नवरा, अणुवीज केंद्रातून एक छापील कागद घेऊन आला. चहा पिताना त्याने वाचून दाखवला. भट्टीभोवतीची काँक्रीटची भिंत तपासली, ती अजून तीस वर्षं टिकेल, शेवटचा अहवाल एप्रिलअखेर द्यायचा, आणि खाली तुझं नाव. त्यात असं लिहिलंय की हा हिशेब जुन्या राखीव ठोकळ्यांच्या चाचणीवर आणि संगणकातल्या प्रतिकृतीवर केलाय.

सही करू नकोस. निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी नको.

ते राखीव ठोकळे मी भरलेले आहेत. तुला हे ठाऊक आहे, पण आता कामाचं म्हणून पुन्हा सांगते. बेचाळीस वर्षांपूर्वी भिंत बांधत होते तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं होते. शिक्षण सातवी, तेही अर्धं. खाणीतून खडी आली की ढिगातून घमेलंभर नमुना घ्यायचा, धुवायचा, चाळायचा, वजन करायचं. त्याच नमुन्यातून दर पंधरवड्याला सहा ठोकळे भरून ठेवायचे, पुढे कधी लागले तर म्हणून. मला सगळे चाळणीबाई म्हणायचे. राग नव्हता, दुसरं काय म्हणणार.

तर त्या नमुन्यातून मी गारगोट्या काढून टाकायचे. पांढऱ्या, गुळगुळीत. फार नाही, थोड्या. कोणी सांगितलं नव्हतं. परवा कागद ऐकताना आठवलं.

तुझ्या हिशेबात याने काही फरक पडत असेल तर बघ. पडत नसेल तर पत्र फाडून टाक.

पत्ता त्या कागदावर छापलेला होता म्हणून ऑफिसवर पाठवतेय. फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी भलतंच काहीतरी बोलून बसेन.

— ठोंब्याची आई


१९ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र पोचलं. सहा प्रश्न, आकडे घालून, आणि वर 'आपण'. मला कोणी आपण म्हटलं की वाटतं घर पाडायची नोटीस आली. असो. उत्तरं देते.

का काढायचे? दोन कारणं. एक म्हणजे ठोकळा दाबून फोडला की त्यात गारगोटी अख्खी निसटून बाहेर यायची, अंड्यातून बलक यावा तशी. सिमेंट तिला धरतच नाही. प्रयोगशाळेतले चष्मेवाले साहेब ते बघून तोंड वाकडं करायचे. दुसरं कारण म्हणजे सवय. लहानपणापासून ताट पुढ्यात घेऊन धान्य निवडलंय. ओल्या करड्या खडीत पांढरं काही चमकलं की हात आपोआप जातो. मी लबाडी करत नव्हते. मला वाटायचं नमुना म्हणजे दाखवायची वस्तू, ती स्वच्छ असावी. पाहुण्यांसमोर आपण फुटका कप ठेवतो का?

साहेबांना माहीत होतं का? नाही. ते म्हणायचे, 'बाई, तुमची खडी एकसारखी असते हां.' मी खूश.

भिंतीत गेलेल्या खडीतून कोणी काढल्या का? कोण काढणार. तिथे ट्रकच्या ट्रक ओतत होते. भिंतीत सगळं गेलं, जसं खाणीतून आलं तसं.

किती काढायचे, हा तुझा खरा प्रश्न. पहिल्या पत्रात मी 'थोड्या' लिहिलं. तू त्या शब्दाखाली दोन रेघा मारून परत पाठवलंस. बरं केलंस. आठवणीतून आकडा देणं मला पटेना, म्हणून रविवारी ठोंब्याला स्कूटर काढायला लावली आणि जुन्या खाणीवर गेले. अर्ध्या खाणीत पाणी भरलंय, पण आम्ही जिथून माल घ्यायचो तो कडा उघडा आहे. खाली ढासळलेल्या खडीचा ढीग. ठोंब्याला म्हटलं, पाच बादल्या भर, आणि बघून भरू नकोस.

"न बघता कसं भरू?"

"मान वळव आणि फावडं मार. लग्नात फोटो काढताना कशी मान वळवली होतीस, तशी."

त्याने भरल्या. कशाला हव्यात विचारलं, मी कुंड्यांसाठी सांगितलं. घरी गॅलरीत जुनी चादर अंथरली, एकेक बादली धुतली आणि तेव्हा करायचे तशी निवडली. घाई न करता, पण थांबतही नव्हते. मग दोन्ही ढीग ताणकाट्यावर तोलले. पहिल्या बादलीत शंभर भागांत पांढरी चोवीस. दुसऱ्या बादलीत एकवीस, मग सत्तावीस, मग पुन्हा चोवीस, शेवटी बावीस. तुझ्या तक्त्यात गारगोटी शंभरात पाच आहे म्हणतेस. ती पाच म्हणजे माझ्या नजरेतून सुटलेली, मळकट रंगाची.

तुझ्या पत्रातला पुढचा भाग मी तीनदा वाचला. मला समजलं ते असं, चुकलं तर सांग. भट्टीतून न्यूट्रॉन सुटतात, भिंतीच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षं त्यांचा मारा बसतो. दगडाच्या आत कणांची जी घडी असते ती त्याने विसकटते आणि दगड फुगतो. चुनखडी जवळजवळ फुगत नाही. गारगोटी सगळ्यात जास्त फुगते. सिमेंट उलट आक्रसतं. एक फुगतोय, दुसरं आक्रसतंय, मधे चिरा पडतात. आणि ती भिंत नुसती आडोसा नाही, भट्टीच्या भांड्याचं वजनही तिच्यावर आहे.

हे तू एकदा घरी पडद्यावर दाखवलं होतंस. करडे वेडेवाकडे खडे, मधे सिमेंट, बटण दाबलं की चाळीस वर्षं मिनिटात संपली. 'आई, ही तुमची खडी,' म्हणाली होतीस. मी म्हटलं होतं, माझी खडी एवढी टोकदार नव्हती.

तू लिहितेस की माझ्या ठोकळ्यांवर दुसऱ्या लहान भट्टीत मारा करून पाहिला, प्रतिकृतीने जेवढे फुगतील म्हणून सांगितलं तेवढेच फुगले, त्यामुळे सगळ्यांना भरवसा आला. यायचाच. दोन्हीकडे माझी निवडलेली खडी.

बादल्या गॅलरीत झाकून ठेवल्यात. माणूस पाठव, घेऊन जाऊ दे. निवडलेल्या आणि उरलेल्या वेगळ्या आहेत, चिठ्ठ्या लावल्यात.

— ठोंब्याची आई


९ एप्रिल

सूनबाई,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. 'भिंतीतून नमुना काढला. गारगोटी तेवीस टक्के. अहवाल मागे घेतला आहे.' एवढंच. बाकीचं मला ठोंब्याकडून कळतंय, कारण तो पंपघरात फिटर आहे आणि तिथे बातम्या पाण्याच्या आधी पोचतात.

तो सांगत होता, वार्षिक दुरुस्तीसाठी भट्टी बंद होती तेवढ्यात बाहेरच्या अंगाने हातभर लांब गोल कांडी कापून काढली. पांढरे डाग सगळ्यांनी बघितले. इतकी वर्षं भिंतीला भोक कोणी पाडू देत नव्हतं, राखीव ठोकळे असताना कशाला म्हणून. मग तो म्हणाला,

"तिच्यावर शेकणार असं दिसतंय."

"कोणावर?"

"कोणावर काय, तिच्यावर. नमुने कुठून आले, कसे आले, हे न तपासता पाच वर्षं त्यावर हिशेब मांडला म्हणतायत. चौकशी बसलीये. एवढी साधी गोष्ट विचारायचं सुचलं नाही का, असं तिच्या साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही बोलली म्हणे. खाली बघत होती."

मग तो जेवला आणि कामाला गेला. मी तिथेच बसून राहिले.

तू का नाही बोललीस?

पहिल्या पत्रात मी लिहिलं की परवा आठवलं. ते खोटं आहे. सहा वर्षांपासून मला माहीत आहे. तूच आठवण करून दिली होतीस. स्वयंपाकघरात मी भाजी चिरत होते, तू वही घेऊन समोर बसलीस आणि सरळ विचारलंस, 'आई, नमुना घेताना तुम्ही त्यातून काही काढायच्या किंवा घालायच्या का? आठवून सांगा, महत्त्वाचं आहे.' मी 'नाही' म्हटलं. तू म्हणालीस, 'नक्की ना?' त्या क्षणी हात आठवला, ओल्या खडीवरून फिरणारा. आणि मी ओरडले. तू दिवसभर बाहेर असतेस, घराकडे लक्ष नाही, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी वहीतून डोकं वर निघत नाही, माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आज साहेब झाली आणि तू माझी तपासणी घेतेस. जे तोंडाला आलं ते. ठोंब्या बाहेरच्या खोलीतून आला आणि त्याने काय झालं हे न विचारता तुलाच सांगितलं, आईशी असं बोलू नकोस. तू काहीच बोलली नव्हतीस.

दूध उतू गेलं नव्हतं. गॅसवर दूध ठेवलेलंच नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, तुझं बाहेर जाणं, शिकणं सासूला खुपलं म्हणून घर मोडलं. मीही तसंच वाटू दिलं. खुपत नव्हतं असं नाही, थोडं खुपायचं. पण त्या दिवशी ते कारण नव्हतं. मी घाबरले होते. साहेबांनी जाताना एक कागद दिला होता, 'नमुने नेहमी स्वच्छ व एकसारखे'. तो काचेत घालून भिंतीवर लावलाय. आयुष्यात माझ्याबद्दल कोणी लेखी बरं लिहिलं ते तेवढंच. तू तेच स्वच्छपण चूक म्हणून दाखवणार होतीस. मग मी तुलाच चूक ठरवलं. सोपं होतं, सुनेला चूक ठरवायला फार डोकं लागत नाही.

नंतर दोनदा तुला पत्र लिहायला बसले होते. नाही जमलं. तू निघून गेलीस तेव्हा वाटलं, आता कोण विचारणार. आणि मग तीस वर्षांचा तो कागद घरात आला.

चौकशीत सांग की तू विचारलं होतंस. मी खोटं बोलले होते असं सांग. मी नाकारणार नाही.

— ठोंब्याची आई


१४ एप्रिल

सूनबाई,

मागच्या पत्राला उत्तर नाही. मागतही नाही. पण चौकशीचा दिवस आणि वेळ कळव. नाही कळवलंस तर मी रोज सकाळी फाटकावर येऊन उभी राहीन आणि पहारेकऱ्याला विचारीन. तो मला ओळखत नाही, पण आठवड्यात ओळखायला लागेल.

ठोंब्याला अजून काही सांगितलेलं नाही. जीभ रेटत नाही. तुला लिहिणं सोपं गेलं, त्याच्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हणजे वेगळं आहे.

— आई


२७ एप्रिल

सूनबाई,

तुला बाहेर बसवून त्यांनी मला आत घेतलं, म्हणून आत काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. त्यांचा कागद येईल, पण त्यात सगळं धुवून पुसून असतं.

लांब टेबल, पाच जण, पाण्याच्या पाच बाटल्या. मला मऊ खुर्ची दिली, त्यात मी इतकी रुतले की टेबलावर नुसती मान दिसत असेल. म्हटलं, साधी खुर्ची द्या. दिली. अध्यक्ष भला माणूस आहे. मुकाट्याने सगळं ऐकलं, बादल्यांचे आकडे लिहून घेतले. मग म्हणाला,

"मावशी, बेचाळीस वर्षं झाली. वयोमानाने थोडी सरमिसळ होते. आम्ही तसं नमूद करू. तुम्हाला काही त्रास होणार नाही."

"सरमिसळ होते. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. हे आठवतं."

"बरं. मग याआधी तुम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं?"

एवढंच त्याने विचारलं. मला वाटलं होतं, तू आधीच सांगितलं असशील. त्याच्या तोंडावरून कळलं की सांगितलेलं नाहीस. मी नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं, तुझ्यावर. तसं म्हणावं असं मनात आलंही, हेही तुला सांगते.

"विचारलं होतं," म्हटलं. "सहा वर्षांपूर्वी, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या सुनेने. तीच, बाहेर बसलीये ती. मी खोटं सांगितलं."

पाचही जणांनी पेनं खाली ठेवली. कडेला एक सुकडा बसला होता, त्याला राहवेना.

"मग त्यांनी तेव्हा तुमच्याकडून लेखी का नाही घेतलं?"

"तुमच्या घरात सासूकडून लेखी घेणारी सून आहे का?"

अध्यक्ष हसला. सुकडा हसला नाही. मग अध्यक्ष म्हणाला, "का खोटं सांगितलं?" मी म्हटलं, भीतीने. तो म्हणाला, कशाची? मी म्हटलं, ते मी जिला सांगायचं तिला सांगितलंय, तुमच्या भिंतीला त्याचा उपयोग नाही.

एवढंच झालं. तू बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी होतीस. बारीक झालीस, पण ते तेव्हा बोलले नाही. तू म्हणालीस, 'मी अजून रागावलेली आहे. बराच काळ राहीन.' मी म्हटलं, राहा, पण मी पंचाहत्तरीची आहे, जरा बेताने. तू हसली नाहीस. ठीक आहे, मीही ते हसवायला नव्हतं म्हटलं. मग तू विचारलंस की पाचव्या बादलीत बावीसच का आले, आणि आपण दोघी दहा मिनिटं बादल्यांबद्दल बोललो. घरी येताना लक्षात आलं की तू मला 'आपण' म्हणायची थांबली होतीस.

ठोंब्या म्हणतो, कच्चा आकडा आता बारा वर्षांचा निघालाय, तीही दर दोन वर्षांनी भिंतीला भोक पाडून बघायचं या अटीवर. केंद्रातले काही जण तुझ्यावर चिडलेत, काही माझ्यावर. पंपघरात त्याला दोघांनी सुनावलं, तुझ्या आईने आमची अठरा वर्षं खाल्ली. तो म्हणाला, भिंतीने खाल्ली असती तर आवडलं असतं का? एवढं त्याला सुचलं याचं मला नवल वाटलं.

आता शेवटचं. माझ्या जबानीचा टाइप केलेला कागद काल टपालाने आला, सही करून पाठवा म्हणून. अक्षर बारीक, मला वाचवेना. ठोंब्या नुकताच कामावरून आला होता. त्याच्याकडेच दिला. दुसरं कोण आहे घरात? आणि मी खोटं बोलले तेही कधी ना कधी त्याला कळणारच होतं, तर माझ्या समोर कळू दे म्हटलं.

त्याने मोठ्याने वाचायला घेतलं. नाव, वय, काम, खाण, बादल्या. मग, 'सदर बाब सहा वर्षांपूर्वी माझ्या तत्कालीन सुनेने माझ्या घरी विचारली असता मी अनवधानाने चुकीची माहिती दिली.' तिथे तो थांबला. ओळ पुन्हा मनात वाचली, ओठ हलत होते.

"हा तोच दिवस?"

"तोच."

"दुधाचा?"

"दूध नव्हतं."

तो उठला. मला वाटलं बाहेर जाईल. मोरीत जाऊन त्याने चहाचे दोन कप विसळले, पालथे घातले, पुन्हा येऊन बसला. बराच वेळ कागदाकडे बघत होता. त्या दिवशीही त्याने असं थांबून बघितलं असतं तर, असं मनात आलं, पण ते माझ्या तोंडून शोभलं नसतं.

मग म्हणाला, "यात 'अनवधानाने' दोनदा आहे. गारगोट्या काढल्या तिथे एकदा, आणि इथे एकदा."

"वरचं राहू दे," म्हटलं. "खालचं खोड."

त्याने पेन घेतलं आणि खोडलं. मी खोडलेल्या शब्दाशेजारी सही केली, तारीख घातली. कागद सोबत पाठवतेय, तूच पुढे दे. खोडलंय तिथे शाई फुटली आहे. पेन फार दाबलं गेलं. तो हात त्याचा आहे, माझा नाही.

— आई